हौशी माणूस गोल्फच्या नादी का लागतो?

प्रश्न थोडक्यात असा: "बाबा निवृत्त झाल्यापासून गोल्फ शिकतायत. रविवारी पहाटे पाचला उठून जातात आणि अकरा-साडेअकराला परत येतात ते बहुतेक वेळा वैतागलेले. 'आज एक बॉल धड बसला नाही' हे ठरलेलं. तरी पुढच्या रविवारी पुन्हा गजर लावलेला असतोच. इतका अवघड, इतका वेळखाऊ आणि खर्चिक खेळ. त्यात या वयाच्या साध्या हौशी माणसाला आनंद नेमका कशाचा मिळतो?"

मी पुण्यात हौशी लोकांना गोल्फ शिकवतो. चाळिशी-पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा क्लब, म्हणजे गोल्फची काठी, हातात धरणारे डॉक्टर, कारखानदार, फौजेतून निवृत्त झालेले, आयटीतले आणि हल्ली बऱ्याच बायकाही, हे माझे विद्यार्थी. त्यामुळे तुमच्या बाबांना न भेटताही मी थोडंफार ओळखतो. ते वैतागतात हे खरं आणि त्यांना मजा येते हेही तितकंच खरं. लोकांना वाटतं, मजा स्कोअरमध्ये असेल. माझ्या मते स्कोअरचा वाटा त्यात सगळ्यात लहान आहे. मोठा वाटा आहे एका स्वच्छ बसलेल्या फटक्याचा, आणि त्याखालोखाल दोन फटक्यांच्या मधल्या वेळाचा.

आधी फटक्याचं सांगतो, कारण बाहेरून बघणाऱ्याला तेच कळत नाही. गोल्फचा बॉल नियमाप्रमाणे ४२.६७ मिलिमीटरपेक्षा लहान चालत नाही आणि ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड चालत नाही. क्लबचा आणि त्याचा संपर्क सेकंदाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागाएवढा असतो. एवढ्या वेळात हाताला काही दुरुस्ती करता येत नाही. जे घडायचं ते आधीच ठरलेलं असतं. बॉल क्लबच्या टोकाकडे किंवा टाचेकडे लागला की क्लबचं डोकं हातात फिरतं, शाफ्ट म्हणजे दांडा थरथरतो, मनगटापर्यंत झिणझिण्या येतात. तोच बॉल बरोबर मधोमध लागला की डोकं फिरत नाही, थरथरही जवळजवळ होत नाही. हाताला काही लागल्यासारखंच वाटत नाही, फक्त आवाज वेगळा येतो आणि बॉल गेलेला असतो. आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं याला "मिडल झाला" म्हणतो. ज्यानं आयुष्यात कधी बॅट नीट मिडल केली आहे त्याला ही जाणीव ओळखीची आहे. गोल्फमध्ये मात्र त्यानंतर बॉल दीडशे यार्ड हवेत राहतो आणि तुम्हाला तो पाच-सहा सेकंद बघत उभं राहता येतं.

गेल्या हिवाळ्यात रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, एक निवृत्त शिक्षिका यायच्या. सात नंबरचं आयर्न (मधल्या अंतराचा लोखंडी डोक्याचा क्लब) हातात, आणि प्रत्येक फटक्यात बॉलखाली क्लब घालून तो वर उचलायचा प्रयत्न. परिणाम ठरलेला: कधी क्लब आधी जमिनीत, कधी बॉलच्या डोक्यावर, आणि बॉल गवतातून सरपटत वीस यार्ड. मी म्हटलं, "मॅडम, बॉल उचलू नका. खाली मारा. वर न्यायचं काम क्लबच्या उताराचं आहे." हे ऐकायला उलटं वाटतं, पण आयर्नचा चांगला फटका आधी बॉलला आणि मग जमिनीला लागतो. गवताचा तुकडा, म्हणजे डिव्हॉट, बॉलच्या पुढच्या बाजूला निघतो. क्लबचा चेहरा तिरका असल्यामुळे बॉलला मिनिटाला हजारो फेऱ्यांची उलटी फिरकी मिळते, आणि त्या फिरकीवर व अंगावरच्या खळग्यांवर तो हवेत तरंगत राहतो. हे सगळं मी त्यांना सांगितलं, त्यांनी मान डोलावली आणि पुढचे चार-पाच बॉल पुन्हा सरपटले. मग एक बसला. त्या माझ्याकडे वळल्यासुद्धा नाहीत. बॉल पडेपर्यंत क्लब खांद्यावर तसाच ठेवून उभ्या राहिल्या, आणि काही न बोलता टोपलीतला पुढचा बॉल पायानं ओढून घेतला. त्या क्षणी मला कळलं की आता या येत राहणार. बाबांचंही कधीतरी, कुठल्यातरी रेंजवर हेच झालं असणार.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. बुमराहचा यॉर्कर तुम्हाला-मला आयुष्यात एकदाही खेळता येणार नाही. विम्बल्डनमधली सर्व्हिस परत करणं आपल्या कुवतीबाहेरचं आहे. गोल्फमध्ये बॉल जमिनीवर स्थिर असतो आणि समोरून कुणी तुम्हाला हरवायला तो फेकत नाही. म्हणून चोवीस हँडिकॅपच्या, म्हणजे हिशोबात चोवीस फटक्यांची सवलत मिळणाऱ्या, माणसालाही फेरीत एखादा फटका असा मिळतो की जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू त्या जागेवरून त्याहून वेगळं काही करू शकला नसता. पटिंगमध्ये, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या ग्रीनवर बॉल घरंगळवत होलमध्ये घालण्यात, तर हे फारच जवळ येतं. आठ फुटांवरून व्यावसायिक खेळाडूसुद्धा साधारण निम्म्याच वेळा बॉल होलमध्ये घालतात. बाबांचा आठ फुटांचा पट आत गेला, तर त्या एका पटापुरते ते टीव्हीवरच्या माणसाच्या बरोबरीला आले, यात अतिशयोक्ती काही नाही. हौशी खेळाडूला हे भाग्य देणारे खेळ फार नाहीत.

असे फटके क्वचित आणि अवचित मिळतात, हेही ओढीचं एक कारण आहे. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं होतं की बक्षीस दर वेळी मिळण्यापेक्षा अनियमितपणे मिळालं, तर लागलेली सवय सुटता सुटत नाही. पण मी एवढ्यावर थांबणार नाही. त्यानं ओढ समजते, प्रेम समजत नाही. नुसती चटक असती तर माणसं रेंजवरच बॉल मारत बसली असती. पहाटे उठून अठरा होल चालली नसती.

म्हणून आता मधल्या वेळाकडे येतो. सरासरी हौशी खेळाडू अठरा होलना ९० ते १०० फटके घेतो. एका स्विंगला दीडेक सेकंद लागतो. म्हणजे साडेचार तासांच्या फेरीत प्रत्यक्ष बॉल मारण्यात गेलेला वेळ अडीच मिनिटांच्या आत. बाकी सगळं चालणं, बघणं, ठरवणं आणि बोलणं. चालणं आठ-दहा किलोमीटर भरतं. स्वीडनमध्ये कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी २००८ मध्ये तिथल्या तीन लाख गोल्फ खेळाडूंची पाहणी मांडली. त्याच वयाच्या आणि त्याच आर्थिक थरातल्या इतर लोकांपेक्षा त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी आढळलं. ते गोल्फमुळेच झालं असं यातून सिद्ध होत नाही, पण एवढं चालणारा माणूस तब्येतीनं बरा राहणार हे सांगायला पाहणी लागत नाही.

या मधल्या वेळात ठरवण्याची मजा असते आणि ती हौशी खेळाडूला पूर्णपणे मिळते. अंतर १५० यार्ड, वारा समोरून, ग्रीनच्या पुढे बंकर म्हणजे वाळूचा खड्डा, बॉल थोड्या चढावर. सात नंबर घ्यायचा की सहा? पोहोचण्याची हिंमत करायची की बंकरच्या अलीकडे ठेवून पुढचा फटका सोपा करायचा? पिशवीत जास्तीत जास्त चौदा क्लब ठेवता येतात आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं. हात साथ देतील न देतील, विचार करणं साठीतल्या माणसाला पंचविशीतल्यापेक्षा चांगलंच जमतं.

ग्रीनवर तर हा विचार फार बारीक होतो. आपल्याकडच्या बर्म्युडा गवताला लव असते. गवत चमकताना दिसलं तर ते तुमच्यापासून दूर झुकलेलं असतं आणि बॉल पळतो; काळपट दिसलं तर ते तुमच्याकडे झुकलेलं असतं आणि बॉल अडतो. जुने कॅडी, म्हणजे पिशवी वाहणारे आणि सल्ला देणारे सोबती, हे न वाकता सांगतात. परवाच एका ग्रीनवर एक सभासद बराच वेळ बसून लाइन बघत होते. त्यांनी कॅडीला विचारलं, "काका, सरळच आहे ना?" काका म्हणाले, "नाही साहेब, दोन कप उजवीकडून घ्या. आणि गवत समोरून येतंय, बॉल मरेल. थोडा दाबून मारा." कप म्हणजे होलच; त्याचा व्यास १०८ मिलिमीटर, दोन कप म्हणजे जवळपास एक वीत. साहेबांनी वीतभर उजवीकडे धरून मारला. बॉल शेवटच्या फुटात डावीकडे वळला आणि होलच्या काठावरून आत गेला. आनंद दोघांना झाला, आणि काकांना झालेला आनंद मला जास्त खरा वाटला. आपल्याकडच्या कोर्सवर अशी माणसं आहेत ज्यांना प्रत्येक ग्रीनचा उतार झोपेतही सांगता येईल. त्यांच्याबरोबर चार तास चालायला मिळतं हा आपल्याकडच्या हौशी गोल्फचा फार मोठा आनंद आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

सोबतीचंही तसंच. चौघांचा फोरबॉल निघाला की शेजारी शेजारी चालत बोलणं होतं. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही ते असं चालताना निघतं. तुमचा बॉल रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, हरवला तर प्रतिस्पर्धीसुद्धा गवत चाळायला येतो. २०१९ पासून शोधायला पाचऐवजी तीनच मिनिटं मिळतात, म्हणून चौघंही लगबगीनं शोधतात. समोरच्याचा फायदा व्हावा म्हणून आपण घाम गाळायचा, हे मी दुसऱ्या खेळात पाहिलेलं नाही.

तुम्ही विचाराल, मग चिडचिड कशाची? क्रिकेटमध्ये चूक झाली की माणूस तंबूत परततो, सावलीत बसतो, विषय संपतो. गोल्फ तुम्हाला बाहेर काढत नाही. वाईट फटका जिथे जाऊन पडला तिथे स्वतः चालत जायचं आणि तिथूनच पुढे खेळायचं. दोष द्यायला पंच नाही, गोलंदाज नाही, बॉल तर हललासुद्धा नव्हता. त्यामुळे राग स्वतःवरच येतो आणि चालताना तो उकळायला वेळही भरपूर मिळतो. पण याचीच दुसरी बाजू अशी की नवव्या होलला आठ फटके घेतलेला माणूस दहाव्याला 'पार', म्हणजे त्या होलसाठी ठरलेल्या फटक्यांतच होल पूर्ण, करू शकतो, आणि करतो. निवृत्तीच्या वयात अशी दर पंधरा मिनिटांनी नवी सुरुवात मिळणं ही साधी गोष्ट नाही.

हँडिकॅपबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण हौशी गोल्फ त्याच्यावर उभा आहे. २०२० पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत सुरू झाली. नवख्याला जास्तीत जास्त ५४ हँडिकॅप मिळतो, म्हणजे प्रत्येक होलला तीन जादा फटके. निष्णात खेळाडूच्या तुलनेत साध्या खेळाडूला कोर्स किती अवघड जातो याचाही आकडा असतो, त्याला स्लोप म्हणतात. ५५ ते १५५ पर्यंत, सर्वसाधारण कोर्सचा ११३ धरतात. त्यामुळे सोप्या कोर्सवर खेळणारा आणि अवघड कोर्सवर खेळणारा यांची तुलना होऊ शकते. माझ्याकडे शिकून गेलेले एक आजोबा आणि त्यांची नात एकत्र खेळतात. तिचा हँडिकॅप ६, त्यांचा २४. मॅच प्लेमध्ये, म्हणजे एकेक होल जिंकत-हरत खेळताना, हिशोब सरळ: तिनं प्रत्येक होलला त्यांना एक फटका द्यायचा. ती त्यांच्यापेक्षा चाळीस यार्ड लांब मारते, ते शंभर यार्डांच्या आत तिच्यापेक्षा नेटके आहेत, आणि सोळाव्या-सतराव्या होलपर्यंत निकाल लागत नाही. टेनिसमध्ये किंवा बॅडमिंटनमध्ये ही जोडी दहा मिनिटं तरी चुरशीनं खेळू शकेल का?

याच आकड्यात बाबांच्या वैतागाचंही एक कारण आहे आणि ते बहुतेक खेळाडूंना ठाऊक नसतं. हँडिकॅप म्हणजे तुमच्या खेळाची सरासरी असं लोक धरून चालतात. तसं नाही. शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या सगळ्यात चांगल्या आठ फेऱ्यांची ती सरासरी आहे. म्हणजे हा आकडा तुमची क्षमता सांगतो, रोजचा खेळ सांगत नाही. रोजचा खेळ त्याच्यापेक्षा दोन-चार फटक्यांनी वाईटच असायचा. "आज मी माझ्या हँडिकॅपलासुद्धा खेळलो नाही" म्हणून खट्टू झालेल्या माणसाला मी हे समजावतो, तेव्हा त्याचा चेहरा खरोखर बदलतो. बाबांना हे जरूर सांगा.

आणि त्यांना स्टेबलफर्ड खेळायला सांगा. इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबचे डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांची ही पद्धत १९३२ मध्ये तिथे सुरू झाली. साध्या स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजताना, एका होलला दहा फटके गेले की सगळी फेरी गेल्यासारखी वाटते. स्टेबलफर्डमध्ये फटके मोजण्याऐवजी गुण मिळतात: हँडिकॅपचे फटके वजा करून बोगी (पारपेक्षा एक जास्त) आली तर एक, पार आला तर दोन, बर्डीला (पारपेक्षा एक कमी) तीन. बोगीहून वाईट झालं तर शून्य, बॉल उचला आणि पुढच्या टीवर, म्हणजे पुढच्या होलच्या सुरुवातीच्या जागी, चला. कोर्सवर २४ फटके मिळणाऱ्याला प्रत्येक होलला एक आणि सहा सर्वांत अवघड होलना आणखी एकेक फटका मिळतो. अशा अवघड पार चारवर त्यानं सहा फटके घेतले तरी त्याचा हिशोबाचा पार झाला, दोन गुण जमा. अठरा होलना ३६ गुण झाले की तो आपल्या हँडिकॅपला खेळला. एक होल बिघडला म्हणून उरलेले सतरा नासत नाहीत. हौशी खेळाडूसाठी याच्याइतका शहाणा शोध दुसरा झाला नाही असं माझं मत आहे, आणि आपल्या क्लबांनी महिन्याच्या स्पर्धा जास्तीत जास्त याच पद्धतीनं घ्याव्यात.

पंच नसण्याबद्दलही दोन शब्द. अमेरिकेचे बॉबी जोन्स स्पर्धा खेळत होते तोवर हौशीच राहिले; पेशानं वकील. १९३० मध्ये एकाच वर्षात त्यांनी अमेरिका आणि ब्रिटनच्या ओपन व अमॅच्युअर अशा चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये रफमध्ये फटक्याची तयारी करताना आपला बॉल हलला असं त्यांना वाटलं. दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी स्वतःवर एक फटका दंड लावून घेतला, स्पर्धा बरोबरीत संपली आणि प्लेऑफमध्ये ते हरले. रविवारच्या सकाळी आपल्याकडचे व्यापारी, अधिकारी, सर्जन झाडीत एकटे असताना हेच करतात. "माझा बॉल हलला, एक धरा," असं झाडामागून ओरडून सांगतात. मी हे नेहमी बघतो आणि दर वेळी बरं वाटतं. माणसाला स्वतःबद्दल आदर वाटण्याच्या जागा रोजच्या आयुष्यात फार उरलेल्या नसतात. इथे एक आहे.

बाकी परिसराचा आनंद तुम्ही सहज समजू शकाल. शहराच्या मध्यावर एवढं मोकळं हिरवं रान, उन्हाळ्यात फेअरवेच्या (खेळायच्या कापलेल्या हिरव्या पट्ट्याच्या) कडेला उघड्यावर अंडी घालून तुमच्यावर ओरडणारी टिटवी, पावसाळ्यात पायाशी फिरणारे बगळे. कावळ्यानं तुमचा थांबलेला बॉल उचलून नेला आणि ते नक्की दिसलं, तर नियम तुमच्या बाजूनं आहे: दंड न घेता त्याच जागी दुसरा बॉल ठेवायचा. जून-जुलैत बॉल पडल्या जागी चिखलात रुततो, तेव्हाही मोफत सुटका मिळते. मला स्वतःला पावसाळ्यातला गोल्फ सगळ्यात आवडतो; बॉल पळत नाही, अंतर घटतं, पण ग्रीन मऊ असल्यामुळे साधा फटकाही पडल्या जागी थांबतो आणि मध्यम खेळाडूला आपण फार छान खेळतोय असं वाटतं.

खर्चाचा मुद्दा तुम्ही बरोबर काढला आहे आणि मी तो झाकणार नाही. आपल्याकडे बहुतेक कोर्स क्लबांचे किंवा लष्कराचे. मुंबईत चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासूनचा, तिथे किंवा तशा जुन्या क्लबांत सभासदत्व मिळणं सामान्य माणसाच्या आवाक्यात नाही. खारघरला सिडकोनं उभारलेल्या कोर्ससारख्या, पैसे भरून खेळता येणाऱ्या जागा आणखी व्हायला हव्यात, नाहीतर हा आनंद थोड्याच घरांत राहील. तोवर रेंज हा स्वस्त मार्ग आहे, आणि सुरुवातीला पूर्ण सेटही लागत नाही. वापरलेली पाच-सहा क्लबांची अर्धी पिशवी वर्षभर पुरते.

तुम्हाला खरंच कळून घ्यायचं असेल तर एखाद्या शनिवारी बाबांबरोबर रेंजवर जा. बॉलची एक टोपली, सात नंबरचं आयर्न. पहिले काही बॉल छोट्या टीवर, म्हणजे जमिनीत खोचायच्या खुंटीवर, ठेवा, स्विंग अर्धाच करा, लांब मारायच्या फंदात पडू नका. बाबा एका वेळी पाच सूचना देतील, कारण नवे शिकलेले सगळेच देतात. पहिल्या दिवशी दोनच धरा. क्लबची पकड सैल ठेवायची, आणि फटका संपेपर्यंत तोल जाऊ द्यायचा नाही. बॉल कुठे गेला ते बाबा बघतील.